पान दोनशे बारा

नाव सुलक्षणा, आणि लक्षण एक नाही धड.
तिसऱ्यांदा वाचतेय, तिसऱ्यांदा चिडतेय.
निमजे काका रजिस्टरवर सही घेताना म्हणाले होते,
"अभिजात आहे, सिस्टर. सावकाश वाचा."
सावकाशच वाचते. मेडिकलच्या नऊ नंबर वॉर्डात
मे महिन्याच्या रात्रीला दुसरी गतीच नसते.
कूलरच्या ताट्यांतून वाळ्याचा ओला वास,
खाली बादलीत टपटप,
आणि टेबलावर ती, पुठ्ठा बांधणीतली,
कडा कुरतडलेली, कुणाचीच न झालेली.

पान दोनशे बारा.
बहिणीच्या पोराला ताप. निरोप्या दारात उभा.
ती चिठ्ठी वाचते, दिव्याखाली सरकवते
आणि पेरू खाते.
एक अख्खा पेरू, दीड पानभर.
लेखकानं दातात अडकलेली बीसुद्धा लिहिलीय,
पोराचं काय झालं ते लिहिलं नाही.

मी वीस वर्षं ताप मोजलेत.
पारा झटकून, मनगट धरून,
रात्री तीनला डॉक्टर उठवून त्यांच्या शिव्या खाऊन.
मला नका सांगू तिचं अंतरंग खोल आहे.
खोल तर कोरडी विहीरही असते,
पोहरा आपटतो, तेवढाच आवाज.
प्रस्तावनेत एक प्राध्यापक म्हणतात, ती स्वतंत्र आहे.
असेल. आमच्याकडेही येतात स्वतंत्र नातेवाईक:
डबा ठेवतात, घटकाभर पंख्याखाली उभे राहतात,
शेवटची बस गाठतात.

गेल्या आठवड्यात समासात पेन्सिल दिसली.
आधीच्या कुणाची तरी, बारीक, दाबून:
"ही बाई मेली असती तर बरं झालं असतं."
मला राग यायला नको होता. माझंच तर म्हणणं.
पण ड्रॉवर उपसून खोडरबर शोधलं
आणि इतकं घासलं की कागद पातळ झाला,
मागच्या पानावरची तिची वेणी
उलटी होऊन इकडून दिसायला लागली.
माझ्या वॉर्डात असलं लिहायचं नाही.
थुंकणारे, चिमटे काढणारे पेशंट असतात,
त्यांचंही सलाईन वेळेवरच बदलायचं असतं.
केसपेपरवर आवड-नावड असा रकानाच नाही.

अकरा नंबरच्या हेडाऊ मावशीला झोप नव्हती.
"काय वाचून राहिली वं?"
सगळं सांगितलं: ताप, चिठ्ठी, दिवा.
वाटलं, दोन शिव्या हासडेल,
हातमागावर जन्म काढलेली, सहा पोरांची माय.
ती बराच वेळ छताकडं पाहत राहिली.
"पेरू कच्चा होता का पिकेल?"
"लिहिलं नाही, मावशी."
"मीठ होतं संगं?"
"तेही नाही."
"मंग लिवलं काय त्या बाप्प्यानं?"
हसली, खोकली, उशी उलटी केली.
"कच्चाच असंल. कच्चा पेरू रातच्याला
कोणी भुकेनं नाही खात.
कायतरी चावाले पाह्यजे असते."

सकाळी ड्युटी सुटल्यावर मेडिकल चौकात
तर्री पोहे घेतले. तर्रीतला एकेक हरभरा
नेहमीपेक्षा जास्त वेळ चावला.
फोन वाजला. बहिणीचा.
प्लेट संपवली, हात धुतला, मग लावला.
तिच्या कूलरचा पंप जळाला होता, एवढंच.
मी सुलक्षणा नाही. हे सांगून ठेवते.

निमजे काकांनी चष्मा कपाळावर चढवला.
"आवडली की नाही शेवटी?"
"नाही."
"मग काहून नेता घडीघडी? जमा करू?"
पुस्तक अर्धं त्यांच्या हातात, अर्धं माझ्या.
म्हटलं, अजून पंधरा दिवस लावा माझ्या नावावर.
कच्चा की पिकलेला,
कुठेतरी लिहिलेलं असणार.